बारा पंचकोन

तुन्जाय बेय मुग्लात दातांचा डॉक्टर होता,
एकतीस वर्षं. माझी अक्कलदाढ त्यानंच काढली.
"मुळं वाकडी आहेत, सादेत, दुखेल," म्हणाला.
दुखलं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला.
इतका बारीक, की घरात कुणाला दिसला नाही,
फक्त दुसऱ्याच्या तोंडात गेला की त्याला कळायचा.
त्यानं पाटी उतरवली, खुर्ची विकली,
ड्रिल तेवढं ठेवून घेतलं
आणि आमच्या गावात येऊन राहिला,
समुद्राकडे पाठ केलेल्या एका खोलीत.

मी तुंबे लावते.
हिवाळाभर ते गच्चीवर पडून असतात,
बुरशीनं काळे पडतात, शेजारणी नाकं मुरडतात.
मार्चमध्ये कानाशी धरून हलवायचे:
बी खुळखुळलं तर वाळला,
नाही तर पोटात अजून पाणी आहे,
घाई करायची नाही.
पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच शिकवलं.

तो बुडाशी कापतो, चमच्यानं आतलं खरवडतो,
कडू धूळ उडते, तोंडावर तोच जुना हिरवा मास्क.
सवयीनं पुटपुटतो, "आ करा."
तुंबा ओरडत नाही.
दोघांचं बरं जमतं.

त्याला षटकोन हवे होते, सगळीकडून, मशिदीच्या
लाकडी जाळीसारखे, एकाला एक चिकटून.
"मधमाशीला जमतं, मला का नाही?"
दोरा, पेन्सिल, शाळेतला कंपास,
मनगट उशीवर टेकवलेलं,
श्वास सोडला की एक भोक, श्वास सोडला की एक भोक.
पोटापर्यंत छान.
पण तुंबा वळायला लागला की रेघा
एकमेकींच्या अंगावर चढायच्या,
लग्नात फोटोसाठी उभ्या राहिलेल्या बायकांसारख्या.
तीन तुंबे वाया गेले.
त्याच्या भ्रमाचे ते भोपळे मी चुलीत घातले,
भाकरी चांगली फुगली.

मध्येच बोद्रुमचा एक हॉटेलवाला आला,
पांढरे बूट, हातात फीत.
"चाळीस हवेत. सगळे सारखे."
मी म्हटलं, "वेलाला सांगून बघा."
तो हसला नाही. बूट मात्र मळाले.

आणि मग नातवाचा फुटबॉल.
कोराय मागच्या उन्हाळ्यात विसरून गेलेला,
हवा गेलेला, पानांखाली तुंब्यांतच पडलेला.
तुन्जाय बेयनं तोही कानाशी धरून हलवला,
आणि एकदम थांबला.
बांधावर बसला, चष्मा कपाळावर सरकवला,
बोटानं काळे तुकडे मोजले.
बारा.
पुन्हा मोजले. बारा.
"सादेत, काळ्यांना पाचच कोन आहेत."
"मग?"
"मग काही नाही," म्हणाला, आणि बॉल घेऊन गेला.
एवढा शिकलेला माणूस,
त्याला पोराच्या चेंडूनं सांगितलं:
नुसत्या सहाच्या हट्टानं गोल मिटत नाही,
बारा ठिकाणी एक कोन सोडावा लागतो.

काल रात्री त्यानं मला बोलावलं.
तुंबा छताला टांगलेला, आत लहानसा बल्ब.
बटण दाबलं
आणि भिंती कुठे होत्या ते मला आठवेना.
कपाटावर षटकोन, चहाच्या पेल्यांवर षटकोन,
माझ्या पदराच्या रुमालावर एक पंचकोन, तळहाताएवढा.
जिथे हात थरथरला तिथलं भोक तिरपं,
तिथला उजेड आपली जागा सोडून
पावभर पुढे जाऊन पडलेला.
मी ते बोट लावून दाखवलं.
"दिसतंय," म्हणाला. "पेशंट असता तर रडला असता."
मग आम्ही चहा प्यायलो. बराच वेळ.
साखर कोण घालतंय हेसुद्धा दिसत नव्हतं नीट.

निघताना त्यानं बिया परत दिल्या,
कवळी ठेवायच्या प्लास्टिकच्या डबीत.
झाकणावर त्याच्याच जुन्या अक्षरात:
फेरिदे हानिम, खालची.

एप्रिलात लावीन, विहिरीपाशी.
त्या वेलाला नाव काय द्यायचं
हा प्रश्न सुटला.