पऱ्हाटी

नाताळला हातात राहिले दोनशे तीस रुपये.
त्यातले साठ तेलाला, पन्नास रवा-साखरेला.
धरणगावच्या बाजारात प्लास्टिकचं झाड
साडेचारशेला, तेही गुडघ्याएवढं.
दुकानदाराने छत्रीसारखं मिटून दाखवलं,
पुन्हा उघडून दाखवलं.
पर्सिसने एका फांदीला हात लावला
आणि लगेच फ्रॉकला पुसला,
किंमत बोटांना चिकटल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमधून सुटले तेव्हा
बांधावर उपटून टाकलेल्या ढिगातून
मी एक पऱ्हाटी निवडली.
कमरेएवढी, चहूकडून फांदलेली,
चार-सहा कवड्या अजून बोंडांना धरून.

मथाबाईने कुंपणावरून विचारलं,
"हाई काय वं, पऱ्हाटी घरमा?
जाळाले शे का पुजाले?"
म्हटलं, नटवायला.
"पऱ्हाटीले!"
हसत हसत ती आत गेली,
आणि विटक्या शालूची जरीची किनार
टर्रकन फाडून घेऊन आली.

बादलीत माती, मातीत पऱ्हाटी.
सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं
वर्षभर साठवलेली; त्यांच्या घंटा झाल्या.
वारा आला की कुरकुरतात, वाजत नाहीत.
तुराट्यांची चांदणी, वर पतंगाचा कागद.
तो चार टोकांनाच पुरला.
पाचवं टोक लग्नपत्रिकेच्या पाकिटाचं:
आत दिवा लावला की
उलट्या अक्षरात दिसतं चि. सौ. कां.

मेंढ्या नव्हत्या, उंट तर नाहीच.
पोळ्याची मातीची जोडी होती,
एकाचं शिंग मोडकं.
गव्हाणीशी त्यांनाच उभं केलं.
त्यांना गव्हाण सांगावी लागली नाही.

बर्फ आमच्यात कुणी पाहिलेला नाही.
पाळी संपवून मी दारात आले,
केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस.
पर्सिस म्हणाली,
"आई, तूच उभी राहा ना बादलीत."

चोवीसच्या रात्री लाइट गेली,
आणि गल्लीच्या तोंडाशी डफ वाजला.
नाताळगीतं गात अकरा माणसं,
मफलरमध्ये पाळक बर्णबासभाऊ,
प्रत्येकाच्या तोंडातून कडव्यासोबत धूर.
चार करंज्या अकरा जणांत कशा फिरवायच्या?
मथाबाईची वांगी होती, हिरवी, हातभर.
पण भरिताचं वांगं पऱ्हाटीवरच भाजावं,
हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक,
आणि आमचं सरपण तर परवाच संपलेलं.

मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही.
पाहायचं नाही असं ठरवूनच पाहिलं नाही.

पर्सिस उठली.
एकेक घंटा काढून डब्यात ठेवली,
किनार बोटांवर गुंडाळली,
कवड्या वेचून मुठीत धरल्या,
आणि नागडं झाड अंगणात ओढत नेलं.
कुणी बोललं नाही.
बर्णबासभाऊंनी डफ भिंतीला टेकवला.

पऱ्हाटी पेटली की तडतडते, बोलल्यासारखी.
अकरा चेहरे एकदम उजळले,
साल काळी पडत गेली,
लसूण, मिरच्या, कळण्याच्या भाकरी
शेजारच्या दोन घरांतून आपोआप आल्या.
मथाबाई बोटं चाटत म्हणाली,
"दोन्ही झायं नं मंग."
त्याच्यावर काय बोलायचं?

सकाळी उपासना.
कोपऱ्यात बादली तशीच, पर्सिसने तिलाच किनार बांधलेली.
शेवटी बर्णबासभाऊंनी आशीर्वादाला दोन्ही हात वर केले.
मंडळी डोळे मिटून होती.
मी थोडे किलकिले ठेवले.
उजव्या हाताची तीन बोटं
अजून काळीच होती.