अर्धं नाव

बटण दाब. थांब. एक श्वास घे. मग बोल.
दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो,
पैसे मोजायच्या आधी.
लोक हसतात. शेटलंडच्या या टोकाला
म्हाताऱ्याच्या चक्रमपणाला कुणी हरकत घेत नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा, टेकडीवरच्या रेडिओ-ठाण्यात रात्रपाळीला.
भिंतीवरच्या घड्याळात दोन लाल फाका रंगवलेल्या:
तास भरला की तीन मिनिटं, अर्ध्या तासाला तीन मिनिटं
सगळ्या समुद्रानं गप्प बसायचं.
माशांचे भाव, शिव्या, कुणाच्या बायकोला लागलेल्या कळा,
सगळं काट्याच्या पलीकडे ठेवायचं
आणि ऐकायचं, कुणी बुडतंय का.
खाली बंदरातल्या स्वयंपाकघरांतही तेच.
ऑस्ला मॉवट सांगायची, त्या तीन मिनिटांत
आम्ही बटाटे सोलायची सुरीसुद्धा खाली ठेवायचो.

फेब्रुवारी. साडेतीन वाजून एक मिनिट.
खरखर. खरखरीतून एक शब्द,
मागून धरून ओढल्यासारखा: ...स्टार.
पुन्हा: ...स्टार.
मग पाणी की वारा, सांगता येत नाही.
घाबरलेला माणूस बटण दाबतो आणि ओरडतो एकाच वेळी;
यंत्राला जाग येईपर्यंत
पहिला शब्द वाऱ्यावर गेलेला असतो.
नाव बुडायच्या आधी
तिचं नाव अर्धं बुडालं होतं.

त्या रात्री बाहेर चार स्टार होत्या.
मॉर्निंग. गायडिंग. ओशन. ब्राइट.
शाळेत हजेरी घेतात तशी एकेकीला हाक मारली.
मॉर्निंग म्हणाली, आहोत, जाळं ओढतोय.
गायडिंगचा कप्तान झोपमोड झाली म्हणून चिडला.
ओशननं वेळ लावला; तेवढ्यात मी मनातल्या मनात
तिला बुडवून तिच्या सहाही जणांसाठी रडून घेतलं,
आणि मग ती म्हणाली, चहा सांडला रे, काय काम आहे?
चौथी हाक मारली.
तेव्हा खाली बंदरात (हे मला फार नंतर कळलं)
ऑस्लानं आवाजाची खुंटी शेवटपर्यंत पिळली,
जणू उत्तर आलं होतं
आणि फक्त हळू होतं.

पहाटे रबरी तराफ्यावर चौघे सापडले.
पाचवा लाउरी, तिचा नवरा. माइकपाशी तोच होता.
चौघं म्हणाले, तो पूर्ण नाव सांगत होता,
दर वेळी पूर्ण.

काल त्याची नात आली, ब्रेना. कयाक घेऊन एकटीच जाते.
तिला हातात मावणारा पिवळा रेडिओ हवा होता,
पाण्यात पडला तर तरंगणारा, वर दिवा लावणारा.
झाकणाखाली लाल बटण: पाच सेकंद दाबून धरलं
की नंबर, अक्षांश, रेखांश, सगळं आपोआप जातं.
लाल फाकांची घड्याळं केव्हाच उतरली,
गप्प बसायची मिनिटं एका परिपत्रकानं गेली.
मग बोलायचं कशाला? तिनं विचारलं.
बरोबरच आहे.

बॅटरी घरून भरून न्यायची, म्हटलं. खिशात नाही, जाकिटाला बांधायचा.
उभा धरायचा, डोक्याच्या वर; डोंगराआडचं याला दिसत नाही.
डबीवर पाच मैल लिहिलंय, तू तीन समज.
आणि बटण दाब, थांब,
एक श्वास घे, ती म्हणाली.
आमची आजी जेवायच्या आधीसुद्धा हेच करायची.
आम्हाला वाटायचं, प्रार्थना असेल.

मग ती धक्क्याच्या टोकाला गेली, चाचणीसाठी.
मी दुकानात दुसरा संच घेऊन उभा.
खरखर अचानक थांबली.
तिचा श्वास आला, त्यामागे पाणी,
आणि मग तिचा आवाज, अगदी स्वच्छ:
माझ्या नावेला नावच नाहीये. काय सांगू?

मी बटण दाबलं.
थांबलो.