अज्ञात वाहन

धायरी फाट्यापासून दांडेकर पुलापर्यंत
सतरा स्पीडब्रेकर.
पट्टे मारलेले सहा,
बाकीचे अंगावर आले की कळतात.
खड्डे मोजत नाही, ते पालिकेलाही जमलेलं नाही.

प्रत्येक धक्क्याला मी माणूस मारतो.
म्हणजे, मारला असेन.
चाक उचलतं, आपटतं, आणि पोटातून कुणीतरी म्हणतं,
मऊ होतं. दगड असा मऊ नसतो.
मग यू-टर्न. हिंगण्याच्या चौकात यू-टर्न म्हणजे काय
ते तिथे राहणाऱ्यांना विचारा.
परत येऊन बघायचं. रस्ता. शहाळ्याचं टरफल.
एक चप्पल (कुणाची?).
काळा डाग, तो ऑइलचाच असतो,
पण ऑइलचाच कशावरून?
बोट लावून वास घेतलाय मी.
रसवंतीवाल्याला वाटतं, माझं काहीतरी हरवलंय.
एकदा तोही माझ्याबरोबर दहा मिनिटं शोधत राहिला,
काय ते न विचारता.

मस्टरवर सहा महिन्यांत बेचाळीस लाल खुणा.
रात्री पेपरचं पान चार:
अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचारी.
नऱ्हे. उरुळी. कधी थेट चाकण,
जिथे मी जन्मात गेलेलो नाही.
तरी अज्ञात वाहनाचं वर्णन माझ्या गाडीशी जुळतं:
वर्णनच नसतं.

डॉक्टर नाझनीन तांबोळी, सहकारनगर,
तिसरा मजला, लिफ्ट नाही.
म्हटलं, एवढंच सांगा, मी कुणाला उडवलेलं नाही.
म्हणाल्या, ते मला कसं माहीत असेल?
आणि वर फी.
मग एका कागदावर शिडी काढली,
पायरीपायरीला भीतीचा आकडा, शंभरपैकी.
वळायचं नाही. आरशात एकदाच. पान चार बंद.
आणि वृषालीला विचारायचं नाही.
विचारलंच, तर तिनं एकच शब्द म्हणायचा:
असेल.

चौदा वर्षं ती म्हणत आली, नाही रे, काही नाही झालं.
फोनवरून, कुकरच्या शिट्ट्यांमधून,
एकदा सोनोग्राफीच्या टेबलावरून.
पहिल्यांदा "असेल" म्हणाली
आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडली.
मी बाहेर तो नळ ऐकत बसलो.
पंच्याऐंशी. नव्वद.
पाऊण तासानं, कुणी काही न करता, साठ.

आज सगळ्यात वरची पायरी.
संध्याकाळचे सात, एकटा, अंधार.
आनंदनगरच्या पुढे धक्का. मऊ.
आणि मागून खरंच कुणीतरी ओरडलं.
शहाण्णव.
वळलो नाही. यात शौर्य नाही, मागे बस होती.
सिग्नलला तोंडाभोवती ओढणी गुंडाळलेली एक मुलगी
शेजारी येऊन थांबली:
काका, स्टँड! कधीची ओरडतेय.

स्टँड. खालीच राहिला होता.
हसू आलं, मोकळा श्वास आला,
आणि तो आला तसा वाया गेला.
उत्तर मिळालं की तो सराव धरत नाहीत.

राजाराम पुलाच्या अलीकडे आणखी एक.
या वेळी कुणी ओरडलं नाही.
शेजारी येऊन कुणी काही सांगितलं नाही.
आरशात एकदा पाहिलं: दिवे, नुसते दिवे.
माणूस होता?
असेल.
सुपारीच्या खांडासारखा तो शब्द
या गालातून त्या गालात घोळवत
दत्तवाडी मागे टाकली.

दांडेकर पुलाला सिग्नल लाल. एकशे वीस.
मी दोन्ही आकडे उतरताना बघत बसलो,
खांबावरचा आणि माझा.
खांबावरचा शून्याला पोचला.
माझा पंचावन्नवर रेंगाळत होता.
मागच्यांनी हॉर्न वाजवले.
त्याला तसाच घेऊन निघालो.