मुद्देमाल क्रमांक सत्तावीस

रावेरच्या ठाण्यात मागच्या खोलीला खिडकी नाही.
वर पत्रे, मे महिन्यात पंचेचाळीसला टेकलेले,
खाली सुतळीनं बांधून लाखेचं सील ठोकलेलं सगळं:
दोन सायकली, मोटारीच्या तांब्याची तीन वेटोळी,
एका बाईची एकच चप्पल.
चावी माझ्या करगोट्याला. एकोणीस वर्षं.

सुकी नदीच्या अंगानं आणला
दित्या बारेला.
आई मागून चालत आलेली.
म्हणाली, मोहाला फूलच आलं नाही, त्या सालचा.
हिशोब केला तर सतरा भरत होते.
रायटरनं एकोणीस लिहिलं.
त्याच्याकडं एक विळा, आणि केळीचा एक घड,
नऊ फण्या, हिरवागार.
पंच दोन. सही एक, अंगठा एक.
चिठ्ठी मीच बांधली दांड्याला.

का कापला, विचारलं साहेबांनी.
"भूक लागेल व्हती."
हे कुठल्याच कलमात बसेना,
म्हणून लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी खोलीला वास सुटला.
आधी रजिस्टर, मग सायकली, मग माझा शर्ट,
सगळंच गोड.
गुन्हा आतल्या आत पिवळा होत चालला
आणि तारीख पुढच्या महिन्याची.
नाशवंत माल, लिलावाची परवानगी मागवली.
कागद निघाला.
कागदाला भूक नसते, तो सावकाश चालतो.

पहिलं केळ कोणी तोडलं ते सांगणार नाही.
दुसरं मी.
मग रात्रपाळीला चहाबरोबर एकेक फणी,
सालं गेटबाहेरच्या बकरीला.
शेवटी उरला दांडा,
त्याला माझी चिठ्ठी, लाख शाबूत.
'माल सडल्याने नष्ट केला',
पंच दोन, सही एक, अंगठा एक.

दित्याला जामीन मिळाला होता,
पण जामीनदार सातबारावाला लागतो,
आणि डोंगराला कोण सातबारा देणार.
साडेचार महिने आत.
मग कोर्ट म्हणालं, भोगली तेवढी शिक्षा पुरे.

त्या चप्पलेचंही सांगतो.
बाईचं नाव सुभद्रा. गावानं वाळीत टाकली.
गिरणीत तिचं दळण घेईनात,
मयतीला चौथा खांदा मिळेना.
नवऱ्याच्या.
एका रात्री गावाबाहेर हाकलली, मारत.
तपासात प्रत्येकजण म्हणाला, मी मागं होतो.
सत्तर जण होते,
म्हणजे कोणीच नव्हतं.
फाइल बंद. चप्पल माझ्याकडं.
मी दर दिवाळीला तिच्यावरची धूळ झटकतो,
एवढंच.

पावसाळा सरता सरता दित्या आला,
कोर्टाचा कागद घडी घालून टोपीत.
"मना विळा द्या."
आत नेला. विळा खुंटीला होता, गंजलेला.
खाली तो दांडा, काळा, दोरासारखा वाळलेला,
सत्तावीस.
त्यानं बराच वेळ पाहिलं.
मग अंगठ्यानं विळ्याची धार बघत,
कोणी नातेवाईक विचारतो तसं,
"गोड व्हता का, भो?"

एकोणीस वर्षांत किती जबाब घेतले.
"व्हता," म्हणालो.

त्यानं मान हलवली.
शाईचा पॅड मी पुढं सरकवला होता,
तसाच राहिला.
विळा घेऊन तो उन्हात गेला.