अर्धा लिटर

तेल्हाऱ्याच्या आसपास चाळीसेक गावांत
बोअरमधून मोटारी उपसल्या मी.
खारं पाणी. पाइप उभा चिरला
की आत पांढरा थर, थरावर थर,
अडीच इंची पाइपात करंगळीएवढी वाट.
बदला, म्हणायचो. पटकन म्हणायचो.
खिसा दुसऱ्याचा असायचा.

आता अकोल्यात डॉक्टर शिरभाते
पडद्यावर माझं काळीज दाखवतात.
पांढऱ्या ठिपक्यांवर पेन टेकवून म्हणतात,
नळ्यांत चुना बसलाय, गुलाबराव.
किडन्या गेल्या की बसतो.
म्हटलं, वळखतो मी याले.

ते हसले नाहीत.
रंग सोडून फोटो काढायचा
तर दिवसाला कपभर लघवी होतेय अजून,
कदाचित तीही जाईल.
स्प्रिंग टाकली तर रक्त पातळ ठेवावं लागेल,
आणि मंगळवार-शुक्रवार मशीनवरून उठताना
आधीच तुमचं रक्त लवकर थांबत नाही.
डाव्या हाताच्या शिरेला तर कुणी शिवायचं नाही.
बायपास म्हणाल, तर...
ते वाक्य त्यांनी टेबलावरच ठेवलं,
माझ्या फाइलीशेजारी.

मग चष्मा काढून म्हणाले,
खरं सांगू? हजारो माणसांवर अभ्यास झाले,
पण तुमच्यासारख्यांना बहुतेक वेळा
दारातूनच परत पाठवलं त्यांनी.
सध्या गोळ्यांवर राहू.
दुखणं वाढलं तर पुन्हा बसू.

बाहेर बाकड्यावर पंचफुला.
मांडीवर डबा: बटाटे दोनदा उकडून
दोन्ही पाणी फेकलेली, मीठ नाही, चव नाही.
काय म्हने डाक्तर?
पाहू म्हने.
पाहू? एवढं शिकून?

जीपमध्ये ती बोलली नाही.
दहीहांड्याच्या पुढं एकदाच म्हणाली,
खोटं बोलला असता तर बरं वाटलं असतं का तुमाले?
मी खिडकीबाहेर बघत होतो.
एका शेतात कुणी पाइप काढून टाकले होते,
उन्हात, हाडांसारखे.

बाटलीला काळी टेप लावली आहे,
वायरच्या जोडाला लावायचो तीच.
टेपच्या वर पाणी भरायचं नाही.
त्यातच गोळ्या, त्यातच चहा, त्यातच सगळा मे महिना.

रात्री छाती आवळून आली.
जिभेखाली गोळी धरली आणि मोजत बसलो,
पंप सुरू केल्यावर पाणी वर यायची वाट बघतात तसा.
आलं. उशिरा, पण आलं.
पंचफुला जागीच होती, बोलली नाही.

बाटलीत एक घोट उरलाय.
आत्ता प्यावा की सकाळसाठी ठेवावा,
हे विचारायचं राहूनच गेलं.