टेकू

सावद्याला, जिथं केळीच्या गाड्या भरतात,
तिथंच माझी कंबर गेली.
आवाज झाला नाही.
घड साधाच, कांदेबागेचा, वीस-बावीस किलोचा,
तोही उतरवून झालेला.
इरफानला तंबाखूची पुडी द्यायला वळलो,
एवढंच.

मग सहा महिने पट्टा.
आंबूस वासाचा, दिवसभर काचणारा.
बायको म्हणे, झोपताना तरी सोडा.

नेहेत्यांची हर्षाली नाशिकहून शिकून आली.
बेंबीखाली दोन बोटं दाबून म्हणाली, खोका.
खोकलो.
"इथं कुणी कामालाच नाही, सुपडूकाका.
सगळी हमाली मणका एकटा करतोय."
मी चिडलो. तीस वर्षं गाड्या भरल्या ह्या अंगानं!
ती म्हणाली, केळीला लाकूड असतं का?

नसतं.
मला सांगायला नको.
रोज बघतो कापलेलं खोड:
सोपटावर सोपट, सोपटावर सोपट,
मधे मनगटाएवढा पांढरा गाभा,
पाणीच सगळं.
त्यावर घड.

"पट्टा म्हणजे बांबूचा टेकू," म्हणाली,
"सोपटं तुमची तुम्ही धरा."

पहाटे साडेचारला धाब्यावर गोधडी.
उताणं, गुडघे मोडून, कुल्ले वर. दहापर्यंत मोजायचं.
श्वास कोंडायचा नाही, आणि नेमका तोच कोंडतो.
मग रांगत्या पोरागत हातापायांवर:
डावा हात पुढं, उजवा पाय मागं,
पाठीवर पाण्याचा तांब्या आहे असं समजायचं.
हमीदानं खराच ठेवला.
आठवडाभर रोज भिजलो.
शेजारच्या धाब्यावरून भागवत ओरडला,
"काय रे भो, बकरी हरवली का?"

दुखतं अजून.
थंडीत, आणि रावेरच्या रस्त्याला एसटीत
मागचं सीट मिळालं तर फारच.
परवा वारं सुटलं, निंभोऱ्याकडं दोन बागा झोपल्या,
मी उगाच पोटावर हात ठेवून उभा राहिलो.

पण काल घडाखाली वाकलो,
आणि खांद्याला दांडा लागायच्या आधी
पोट आपलं आपण आत गेलं,
कुणी हाक न मारता.
इरफानला सांगणार होतो. काय सांगणार?
"चल, उचल," म्हणालो.

पट्टा खुंटीला आहे, त्यावर दप्तर अडकवते हमीदा.
तांब्या आता सांडत नाही.
तिला ते बरं वाटत नसावं.
आज विचारत होती,
अब्बा, काठोकाठ भरू का?