एकतीस नंबर

भुसावळात जामनेर रोडला माझं झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान.
गल्ल्याखाली, बुटाच्या खोक्यात
एकशेबारा फुटबॉलवाले राहतात.

पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला
कोंबडा छाप पेपरमिंटच्या पुड्यात निघायचे ते,
पत्त्याएवढे, कडांनी पिवळे.
अजून नाकाशी धरले तर
पुदिना येतो कुठूनसा, मग वाळवीचं औषध.

कप्तानांना सगळ्यांनी जपलं,
पोथीत, आरशाच्या चौकटीत.
म्हणून कप्तान आज पोत्यानं मिळतात.
बाकीच्यांना पोरांनी
कपड्यांच्या चिमट्यानं सायकलच्या तारांना लावलं.
फट् फट् फट् करत
लिंपस क्लबापासून रेल्वे शाळेपर्यंत
झिजून गेले लेफ्ट बॅक, राखीव गोली.

जो कोणालाच नको होता
तो आता कोणाकडेच नाही.
या नादात त्यालाच दुर्मीळ म्हणतात.

एकतीस नंबर : गं. रु. तडवी, लेफ्ट बॅक.
उंची पाच फूट चार.
पाठीमागे 'गोल' या शब्दापुढं
छापणाऱ्यानं शून्य नाही घातलं,
नुसती आडवी रेघ.
त्या रेघेपायी मी
वरणगावच्या भंगारवाल्याला चालू टेबलफॅन दिला.
बायको तो मे महिना अजून विसरलेली नाही.

पुण्याचा व्यापारी फोनवर म्हणाला,
कोपरा दुमडलाय. पाचशे.
मी म्हटलं, बघतो.
आणि खरंच बघायला यावलची बस धरली,
तिथून पुढं सातपुड्याकडं, केळीच्या ट्रकात.

तडव्यांची लेक जैतून, साठीची,
बांधावर घड मोजत होती.
हात पदराला पुसून तिनं कार्ड धरलं
लांब, मग जवळ, मग उन्हात.
"नाव आमच्या बापाचंच हाये.
तोंड कोणाचं हाये हे?
त्यांले मिशी नव्हती कधी.
अन् कान तर पाय ना भाऊ."

छापखान्यात कोणीतरी ब्लॉक उलटेपालटे लावले होते.
तेव्हापासून हा मिशीवाला
दुसऱ्याच्या नावावर उभा आहे,
डावा पाय चेंडूवर ठेवून.

व्यापाऱ्याला सांगितलं तर तो उठूनच बसला असावा.
चुकीचं कार्ड! पाच हजार.
थांबा, आठ.

तिच्याकडं बापाचा एकही फोटो नव्हता.
आता माझ्याकडंही नव्हता.
त्या परक्या माणसाकडं
आम्ही दोघं बघत बसलो, चहा गार होईपर्यंत.

निघताना म्हणाली,
"तुमचं मशीन हाये ना?
मंग नावाची बाजू तेवढी काढून द्या.
ती रेघ बी येऊ द्या बरं."

लॅमिनेशनचे वीस रुपये
तिनं नातवाच्या हाती पाठवले.
मी घेतले.

कार्ड खोक्यात आहे. आठ हजारांचा फोन
अधूनमधून येतो.
आणि आधारकार्डाची झेरॉक्स काढायला
कोणी मिशीवाला म्हातारा आला
की मी आधी त्याचे कान बघतो.